स्वयंचलित गिअरच्या मोटारीतील प्रारंभिक हिसक्यांचे निदान

स्वयंचलित गिअर असलेली मोटार स्थिर अवस्थेतून पुढे अथवा मागे निघताना सलग न निघता धक्का, थरथर किंवा अडखळ देत असेल, तर त्या दोषलक्षणास प्रारंभिक हिसका असे म्हणतात. बोलीभाषेत 'गाडी गचके खाते', 'झटके मारते' असे शब्दप्रयोग रूढ आहेत. हिसका हा स्वतंत्र बिघाड नसून लक्षण आहे. त्याचे मूळ गिअरबॉक्समध्ये असू शकते, तसेच इंजिन, इंजिनाचे माउंटिंग, बॅटरी, ब्रेक किंवा चालकाची सवय यांतही असू शकते. गिअरबॉक्स उघडणे हे मोटारदुरुस्तीतील खर्चिक कामांपैकी एक असल्यामुळे ते करण्यापूर्वी बाकीची कारणे क्रमाने तपासणे हा निदानाचा गाभा मानला जातो.

हे निदान दोन प्रश्नांपासून सुरू होते. मोटारीत कोणत्या प्रकारचा स्वयंचलित गिअर आहे, हा पहिला प्रश्न. आणि हिसका नेमका कोणत्या क्षणी बसतो, हा दुसरा. या दोहोंची उत्तरे मिळाल्याशिवाय केलेली दुरुस्ती बहुधा अंदाजावर आधारलेली असते.

## पार्श्वभूमी

मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेला पहिला पूर्णपणे स्वयंचलित गिअरबॉक्स 'हायड्रामॅटिक' हा होय. जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीने तो १९३९ मध्ये, १९४० च्या ओल्ड्समोबिल मोटारींसाठी बाजारात आणला. इंजिनाची शक्ती तेलाच्या प्रवाहातून पुढे पोहोचवणाऱ्या द्रवीय जोडणीची कल्पना त्याहून जुनी असून जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याने विसाव्या शतकाच्या आरंभी ती मांडली होती. नेदरलँड्समधील डाफ कंपनीने १९५८ मध्ये पट्टा आणि कप्प्यांवर चालणारी 'व्हेरिओमॅटिक' ही रचना मोटारीत बसवली. दुहेरी क्लचची रचना फोक्सवॅगनने २००३ मध्ये गोल्फ मोटारीत आणली.

भारतात स्वयंचलित गिअरची मोटार दीर्घकाळ महागड्या वर्गापुरती मर्यादित होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुती सुझुकीच्या सेलेरिओ या छोट्या मोटारीतून स्वयंचलित हस्तगिअर (एएमटी) हा स्वस्त प्रकार आला आणि चित्र बदलले. त्याच वर्षी टाटा झेस्टच्या डिझेल आवृत्तीत, तर २०१५ मध्ये टाटा नॅनोमध्येही तो उपलब्ध झाला. त्यानंतर क्लचचे पेडल नसलेल्या मोटारी तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचल्या. मात्र 'ऑटोमॅटिक' या एकाच शब्दाखाली चार वेगवेगळ्या यंत्ररचना येत असल्याने त्यांच्या दोषांविषयी गोंधळही वाढला.

## गिअरचे प्रकार आणि निघण्याची क्रिया

मोटार निघते तेव्हा फिरते इंजिन आणि स्थिर चाके यांची सांगड घालावी लागते. ही सांगड कशी घातली जाते, यावर हिसक्याचे स्वरूप अवलंबून असते.

टॉर्क कन्व्हर्टर. यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेले बंद पात्र असते. इंजिनाकडील पाती तेल ढकलतात आणि ते तेल गिअरबॉक्सकडील पाती फिरवते. निघताना दोन भाग एकमेकांस घट्ट जोडलेले नसल्याने हा प्रकार स्वभावतः सर्वांत मऊ असतो. म्हणून अशा मोटारीत नव्याने सुरू झालेला हिसका दुर्लक्षिण्याजोगा नसतो.

सीव्हीटी. यात ठराविक गिअर नसतात. कमीजास्त व्यासाच्या दोन कप्प्यांवरून पोलादी पट्टा फिरतो आणि प्रमाण अखंड बदलत राहते. निघण्यासाठी बहुतेक मोटारींत टॉर्क कन्व्हर्टर, तर काही जुन्या रचनांत तेलात बुडालेला स्वतंत्र क्लच असतो. दुसऱ्या प्रकारात तेल जुने झाल्यास निघताना थरथर जाणवते.

दुहेरी क्लच (डीसीटी). एक क्लच विषम गिअरांसाठी व दुसरा सम गिअरांसाठी असतो. क्लच कोरडे किंवा तेलात बुडालेले असतात. कोरड्या क्लचला उष्णता बाहेर टाकण्यासाठी तेलाची मदत नसते. त्यामुळे कूर्मगतीच्या वाहतुकीत तो लवकर तापतो आणि थरथरू लागतो. पुणे जिल्ह्यातील चाकण येथे पूर्वी तयार होत असलेल्या फोक्सवॅगन पोलोच्या जीटी आवृत्तीत २०१३ मध्ये सात गतींचा असा गिअर देण्यात आला होता.

स्वयंचलित हस्तगिअर (एएमटी). यातील गिअरबॉक्स आणि क्लचप्लेट साध्या मोटारीप्रमाणेच असतात. फक्त पायाने क्लच दाबण्याचे आणि हाताने गिअर टाकण्याचे काम संगणकाच्या आज्ञेने चालणारे यंत्र करते. या यंत्रास ॲक्च्युएटर म्हणतात. गिअर बदलताना काही क्षण चाकांकडे शक्ती जात नाही, म्हणून प्रवासी किंचित पुढे झुकतात. एवढी झुळूक या रचनेचा स्वभावच आहे.

प्रकार ओळखण्याची सोपी खूण म्हणजे दांड्यावरील अक्षरे. भारतातील बहुतेक एएमटी मोटारींच्या दांड्यावर 'पी' म्हणजे पार्किंगचे स्थान नसते. उरलेल्या तीन प्रकारांत ते असते. निश्चित माहिती मोटारीच्या पुस्तिकेत मिळते.

## लक्षणांचे वर्गीकरण

'गाडी झटका देते' एवढ्या सांगण्यावरून कारागिरास फारसा बोध होत नाही. हिसक्याचे पुढीलप्रमाणे पाच वर्ग करता येतात.

१. एकच ठोका. दांडा 'एन'वरून 'डी'वर किंवा 'आर'वर नेताच खालून 'ठक्क' असा आवाज येतो आणि मोटार हलते. संभाव्य कारणे : इंजिनाचा वाढलेला रिकामा वेग, सैल किंवा फाटलेले माउंटिंग, एक्सलच्या सांध्यांतील झीज.

२. विलंब आणि मग धक्का. दांडा 'डी'वर नेल्यावर क्षणदोन क्षण काहीच होत नाही आणि नंतर मोटार एकदम उचलते. संभाव्य कारणे : गिअरच्या तेलाची पातळी कमी असणे, आतील रबरी सीलची झीज, तेलाचा दाब नियंत्रित करणाऱ्या झडपांतील अडथळा.

३. थरथर. ब्रेक सोडल्यावर मोटार सरकताना जलद कंप जाणवतात आणि वेग वाढताच ते थांबतात. संभाव्य कारणे : क्लचप्लेटची झीज, तिच्यावर आलेले तेल, तापलेला क्लच, फ्लायव्हीलच्या पृष्ठभागावरील डाग.

४. अडखळ. इंजिनच मध्येच दम सोडल्यासारखे वागते आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर हिसके अनियमित येतात. संभाव्य कारणे : स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल, मळलेली थ्रॉटल बॉडी, इंधनपुरवठा.

५. अडकून सुटणे. ब्रेक सोडूनही मोटार जागची हलत नाही आणि नंतर 'टक्' असा आवाज होऊन सुटते. संभाव्य कारण : ब्रेकचे पॅड किंवा लायनिंग चिकटणे. पावसाळ्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या मोटारीत हा अनुभव सर्रास येतो आणि पहिल्या एकदोन ब्रेकनंतर तो नाहीसा होतो.

हिसका थंड इंजिनावर बसतो की गरम. सपाटीवर की चढावर. पुढे जाताना की मागे घेतानाही. एसी चालू असताना की बंद असतानाही, या नोंदी तितक्याच महत्त्वाच्या आहेत. दोन्ही दिशांना सारखाच ठोका बसत असेल, तर विशिष्ट गिअरपेक्षा माउंटिंग किंवा रिकामा वेग यांवर संशय बळावतो. केवळ गरम झाल्यावर थरथर होत असेल, तर क्लच किंवा तेल यांकडे लक्ष वळते.

एएमटी मोटारीत आणखी एक भेद पाहावा लागतो. अनेक चालक ज्याला 'निघतानाचा झटका' म्हणतात, तो प्रत्यक्षात पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जातानाचा असतो. दांडा हस्तचलित स्थितीत ठेवून मोटार पहिल्याच गिअरमध्ये चालवली असता हा फरक स्पष्ट होतो. झटका नाहीसा झाल्यास तो गिअरबदलाचा असतो, निघण्याचा नव्हे.

## दोष नसलेले हिसके

काही हिसके दुरुस्तीने जात नाहीत, कारण ते बिघाडामुळे निर्माण झालेले नसतात.

उतारावर मोटार उभी करून थेट 'पी' स्थान निवडले आणि नंतर हँडब्रेक ओढला, तर मोटारीचा सारा भार गिअरबॉक्समधील एका छोट्या खुंटीवर येतो. पुन्हा निघताना दांडा 'पी'मधून काढताच ती खुंटी मोठ्या आवाजाने सुटते. ब्रेक दाबून धरणे, दांडा 'एन'वर नेणे, हँडब्रेक ओढणे, पायातील ब्रेक सोडून भार हँडब्रेकवर घेणे आणि शेवटी 'पी' निवडणे, या क्रमाने मोटार उभी केल्यास हा ठोका बसत नाही.

सकाळी थंड इंजिनाचा रिकामा वेग काही काळ जास्त असतो. तेवढ्यात दांडा 'डी'वर नेल्यास नेहमीपेक्षा जड धक्का जाणवतो. मोटार पूर्ण थांबण्यापूर्वी 'डी'वरून 'आर'वर जाणे, ॲक्सिलरेटर दाबलेला असताना दांडा हलवणे, तसेच एका पायाने ब्रेक व दुसऱ्याने ॲक्सिलरेटर दाबणे या सवयींमुळेही हिसके बसतात. मोटार दोषरहित असली, तरी अशा सवयी दीर्घकाळ चालू राहिल्यास पुढे खरा दोष निर्माण होतो.

## निदानाचा क्रम

तपासणी स्वस्त आणि पूर्ववत करता येण्याजोग्या पायरीकडून महाग आणि पूर्ववत न होणाऱ्या पायरीकडे नेली जाते.

नोंद. आठवडाभर प्रत्येक हिसक्याची वेळ, इंजिनाची स्थिती, रस्त्याचा चढउतार आणि दांड्याचे स्थान लिहून ठेवावे. कार्यशाळेत पोहोचल्यावर हिसका येतच नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. अशा वेळी लेखी नोंद कारागिरास उपयोगी पडते.

ब्रेकची मोकळीक. सपाट जागी, आसनावर चालक बसलेला असताना, दांडा 'एन'वर ठेवून व हँडब्रेक सोडून मोटार हाताने ढकलावी. ती सहज सरकत नसेल, तर ब्रेक धरून राहत आहे असे समजावे.

रिकामा वेग आणि इंजिनाची चाल. गरम झालेल्या बहुतेक पेट्रोल इंजिनांचा रिकामा वेग मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे असतो. काटा यापेक्षा बराच वर राहत असेल किंवा सतत वरखाली होत असेल, तर थ्रॉटल बॉडी, हवेची गळती आणि प्लग यांची तपासणी आधी करावी.

माउंटिंग. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना सांगाड्याशी जोडणारे रबरी आधार झिजले की इंजिन झोल खाते. हँडब्रेक ओढून, पायाने ब्रेक घट्ट दाबून धरून चालकाने दांडा आळीपाळीने 'डी' व 'आर'वर न्यावा आणि दुसऱ्या व्यक्तीने बाजूस उभे राहून उघड्या बॉनेटमधून इंजिनाची हालचाल पाहावी. या चाचणीच्या वेळी मोटारीच्या पुढे किंवा मागे कोणीही उभे राहू नये. इंजिन मोठा हिसडा घेत असेल, तर दोष माउंटिंगमध्ये असण्याची शक्यता अधिक असते.

बॅटरी. एएमटी व दुहेरी क्लच या रचना विजेवर अवलंबून असतात. पूर्ण भारित बॅटरी विश्रांत अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना सामान्यतः १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसतात. अशक्त बॅटरी किंवा गंजलेली टर्मिनले यांमुळे ॲक्च्युएटरची हालचाल अनियमित होऊ शकते.

गिअरचे तेल. टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी आणि दुहेरी क्लच यांची तेले वेगवेगळी असतात आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. टॉर्क कन्व्हर्टरसाठीचे तेल नवे असताना बहुधा लाल असते. ते काळपट झाले असेल आणि त्यास करपल्याचा वास येत असेल, तर आत झीज झाल्याचा तो संकेत ठरतो. अनेक आधुनिक गिअरबॉक्सना तेल मोजण्याची पट्टी नसते. त्यांची पातळी ठराविक तापमानालाच आणि मोटार समतल उचलून तपासावी लागते. द्रवचलित ॲक्च्युएटर असलेल्या एएमटीत क्लच चालवणाऱ्या तेलाची स्वतंत्र टाकी असते, तीही पाहावी.

स्कॅनर. मोटारीतील संगणक दोषाची नोंद संकेतांकाच्या रूपात ठेवतो. 'पी ०७'ने सुरू होणारे संकेतांक गिअरशी, तर 'पी ०३००' व त्यापुढील काही संकेतांक इंजिनातील फसलेल्या ज्वलनाशी संबंधित असतात. 'पी ०७००' हा गिअरच्या नियंत्रणव्यवस्थेत दोष आढळल्याचा केवळ सर्वसाधारण इशारा आहे. त्यावरून गिअरबॉक्स निकामी झाला असा निष्कर्ष काढता येत नाही. संकेतांक पुसण्यापूर्वी ते लिहून किंवा छायाचित्र काढून ठेवावेत. सर्वसाधारण स्कॅनर गिअरची सर्व माहिती वाचू शकत नाही. क्लचचे तापमान, झीज आणि संगणकाने शिकलेली मूल्ये पाहण्यासाठी त्या मोटारीसाठीची प्रणाली लागते.

पुनर्शिक्षण. क्लच कोणत्या बिंदूपासून पकड घेतो, हे एएमटी व दुहेरी क्लचचा संगणक शिकून लक्षात ठेवतो. प्लेट झिजल्यावर किंवा बदलल्यावर हा बिंदू सरकतो. स्कॅनरद्वारे तो पुन्हा शिकवला असता अनेकदा सुटा भाग न बदलता हिसका जातो. मात्र थोड्याच दिवसांत तो परतला, तर झीज मर्यादेपलीकडे गेली असल्याचे समजावे.

दाबचाचणी आणि उघडणी. वरील सर्व पायऱ्या निष्फळ ठरल्यावर तेलाचा दाब मोजणे आणि शेवटी गिअरबॉक्स उतरवणे यांचा क्रम येतो. ब्रेक दाबून पूर्ण ॲक्सिलरेटर देण्याची 'स्टॉल' चाचणी काही सेकंदांतच तेल प्रचंड तापवते, म्हणून ती केवळ प्रशिक्षित कारागिरानेच करावी.

## घाट व उष्णतेचा परिणाम : बुलढाणा जिल्ह्याचे उदाहरण

प्रारंभिक हिसक्यांवर भूप्रदेश आणि हवामान यांचा कसा परिणाम होतो, हे समजण्यास विदर्भातील बुलढाणा जिल्हा उपयुक्त आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगांमुळे लोकव्यवहारात या जिल्ह्याचे 'घाटावरचा' आणि 'घाटाखालचा' असे दोन भाग पडतात. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर, तर पूर्णा खोऱ्यातील मलकापूर सुमारे २५० मीटर उंचीवर आहे. मलकापूर-मोताळा बाजूने बुलढाण्यास येताना राजूर घाट, तर खामगावकडून ज्ञानगंगा अभयारण्याच्या परिसरातून येताना बोथा घाट चढावा लागतो.

अशा चढावर अवजड वाहनामागे मोटार वारंवार थांबून निघते. थांबलेली मोटार ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर किंचित दाबून जागीच धरून ठेवण्याची सवय येथे घातक ठरते. टॉर्क कन्व्हर्टरच्या मोटारीत यामुळे तेल तापते. एएमटी आणि दुहेरी क्लचच्या मोटारीत क्लचप्लेट घसरत राहते. साध्या मोटारीत 'हाफ क्लच'वर उभे राहण्यासारखाच हा प्रकार आहे. पेडल नसल्याने तो चालकाच्या लक्षात येत नाही, एवढाच फरक. घाट चढून गेल्यावर येणारी थरथर आणि करपल्याचा वास या घसरणीचे निदर्शक असतात. मोटार थंड झाल्यावर थरथर थांबली, तरी झालेली झीज भरून येत नाही.

घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. आषाढी वारीहून परतणारी गजानन महाराजांची पालखी खामगावाहून शेगावी जाते तेव्हा आणि इतर उत्सवांच्या काळात रस्त्यावर मोटारींना पावलाच्या गतीने चालावे लागते. अशा वेळी सतत सरकत राहण्यापेक्षा पुढे पुरेशी जागा होईपर्यंत ब्रेक दाबून थांबणे आणि मग एकदाच निघणे क्लचच्या दृष्टीने हितकर असते. दीर्घ थांब्यात दांडा 'एन'वर आणून हँडब्रेक ओढावा.

चढावर निघताना मोटार मागे सरकू नये म्हणून अनेक मोटारींत चढ-आधार व्यवस्था असते. ब्रेकवरून पाय काढल्यानंतर ती साधारण दोन सेकंद मोटार धरून ठेवते. तेवढ्या अवधीत ॲक्सिलरेटर न दिल्यास मोटार सुटते आणि घाईने दिलेल्या ॲक्सिलरेटरमुळे जोराचा हिसका बसतो. ही व्यवस्था नसलेल्या एएमटी मोटारीत चढावर निघताना हँडब्रेकची मदत घेणे सुरक्षित असते, विशेषतः मागे दुचाकी उभी असताना.

सिंदखेड राजा, लोणार व मेहकर या तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर परिस्थिती याच्या उलट असते. तेथे क्वचितच थांबावे लागत असल्याने निघतानाचा दोष अनेक दिवस झाकलेला राहू शकतो आणि महामार्ग सोडल्यावर गावातल्या वाहतुकीत एकाएकी जाणवतो. म्हणून 'कालपर्यंत गाडी उत्तम होती' हे विधान निदानात जपून स्वीकारावे लागते.

## मोटार थांबवण्याची वेळ

पुढील चिन्हे दिसल्यास मोटार चालवत राहू नये : करपल्याचा वास किंवा धूर, खाली तेल ठिबकणे, दांडा 'डी'वर असूनही चाकांना शक्ती न मिळणे, चढावर मोटार मागे घसरणे, गिअरचा इशारादर्शक दिवा लुकलुकणे.

अशा मोटारीस दोर बांधून ओढत नेणे बहुतेक स्वयंचलित रचनांत हानिकारक असते. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी यांमधील तेलाचा पंप सामान्यतः इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाके फिरत राहिली, तर आतील भाग वंगणाविना घासले जातात. त्यामुळे मोटार सपाट मालवाहू वाहनावर चढवून किंवा शक्ती मिळणारी चाके उचलून न्यावी लागते. साध्या मोटारीप्रमाणे धक्का देऊन सुरू करण्याची युक्तीही बहुतेक स्वयंचलित मोटारींत चालत नाही.

## 'स्वभाव' की दोष

हिसक्यांच्या तक्रारीत ग्राहक आणि विक्रेता यांच्यातील वाद बहुधा एकाच मुद्द्यावर अडतो : हा या रचनेचा स्वभाव आहे की दोष? दोन्ही उत्तरे कधी ना कधी खरी असतात, म्हणून ती पडताळून पाहावी लागतात.

ऑस्ट्रेलियातील एक प्रकरण या संदर्भात बोधप्रद आहे. फोर्डच्या फिएस्टा, फोकस व इकोस्पोर्ट या मोटारींतील 'पॉवरशिफ्ट' या दुहेरी क्लचच्या गिअरबाबत थरथर आणि हिसक्यांच्या अनेक तक्रारी आल्या. चालवण्याच्या पद्धतीमुळे असे होते, असे काही ग्राहकांना सांगण्यात आले. एप्रिल २०१८ मध्ये तेथील संघीय न्यायालयाने तक्रारी हाताळण्यातील अनुचित वर्तनाबद्दल फोर्डच्या ऑस्ट्रेलियातील कंपनीस १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. इकोस्पोर्ट भारतातही विकली जात होती. २०१७ च्या नव्या आवृत्तीत येथे दुहेरी क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टर देण्यात आला.

स्वभाव आणि दोष यांतील भेद ठरवण्यासाठी तीन कसोट्या वापरता येतात. पहिली, त्याच नमुन्याची व त्याच वयाची दुसरी मोटार त्याच रस्त्यावर चालवून पाहणे. दुसरी, हिसका कालांतराने वाढत आहे का, हे नोंदीवरून तपासणे. स्वभाव बहुधा स्थिर राहतो, झीज वाढत जाते. तिसरी, ठराविक परिस्थितीत हिसका पुन्हापुन्हा घडवून दाखवता येतो का, हे पाहणे.

## ग्राहकाचे हक्क

हमीच्या मुदतीत तक्रार असल्यास प्रत्येक भेटीच्या वेळी ती जॉबकार्डवर स्वतःच्या शब्दांत लिहून घेणे आवश्यक असते. 'सामान्य तपासणी' एवढीच नोंद राहिल्यास पुढे दोष जुना असल्याचे सिद्ध करणे अवघड जाते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगापुढे चालते. योग्य तपासणीवाचून दोष ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. प्राथमिक मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ हा आहे. याशिवाय २०१९ मध्ये दुरुस्त झालेल्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११०-अ नुसार सुरक्षिततेस बाधक दोष असलेल्या मोटारी परत मागवण्याचा आदेश उत्पादकास देण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे.

## प्रचलित गैरसमज

* 'ऑटोमॅटिक गाडीला क्लच नसतो.' पेडल नसते. एएमटीत एक आणि डीसीटीत दोन क्लच असतात आणि ते झिजतात. टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समध्येही तेलात चालणारे क्लच असतात.
* 'तेल बदलले की झटके जातात.' तेल जुने असेल तरच लाभ होतो. माउंटिंग, प्लग किंवा बॅटरी यांतील दोषावर तेलाचा उपाय चालत नाही आणि चुकीचे तेल घातल्यास नवा बिघाड उद्भवतो.
* 'गिअरचे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही.' बदलाचा कालावधी रचनेनुसार व वापरानुसार वेगळा असतो. घाट, उष्णता आणि गर्दी यांतील वापर अनेक पुस्तिकांत 'कठीण वापर' या वर्गात मोडतो आणि त्यासाठी कमी अंतर सांगितलेले असते.
* 'बॅटरीची तार काढून लावली की संगणक सुधारतो.' काही मोटारींत त्यामुळे साठवलेल्या नोंदी व शिकलेली मूल्ये पुसली जातात, हिसके काही काळ वाढू शकतात आणि निदानासाठी आवश्यक असलेला पुरावाही नाहीसा होतो.

## हे सुद्धा पहा

* गिअरबॉक्स
* क्लच
* टॉर्क कन्व्हर्टर
* बुलढाणा जिल्हा
* ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९